पडून दाखवणे

आठवड्याचे सहा दिवस जमिनीवर आणि सातवा दिवस कड्यावर, अशी फरशीवाल्यांनी आपल्या आयुष्याची वाटणी करून टाकली होती. जमिनीवर म्हणजे अगदी जमिनीवरच. पन्नाशीला टेकलेला हा किडकिडीत माणूस गुडघ्यांना रबरी वाट्या बांधायचा, थापी आणि रबरी हातोडा घ्यायचा आणि खोलीच्या पार आतल्या कोपऱ्यातून कामाला लागायचा, तो मागे मागे सरकत संध्याकाळी दारातून बाहेर पडायचा. "राजाच्या दरबारातून निघावं तसा मी प्रत्येक घरातून पाठ न दाखवता निघतो," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

कामात मात्र हसणं नव्हतं. बसवलेली प्रत्येक फरशी ते बोटाच्या पेराने ठोकून पाहायचे. आवाज भरीव आला की पुढची. पोकळ आला की ती उचलायची, खालचा माल खरवडायचा आणि पुन्हा बसवायची. घरमालक म्हणायचा, "अहो, राहू द्या की, वरून काय दिसतंय?" फरशीवाले तोवर फरशी उचलायचे.

सातव्या दिवशी शहराबाहेरचा काळा कडा. तिथे मात्र हाच माणूस उभ्या दगडावर असा काही चिकटायचा, की गिर्यारोहण मंडळातल्या लोकांनी त्याचं नाव 'पाल' ठेवलं होतं. एरवी कुणाला पाल म्हटलं तर प्रकरण हातघाईवर यायचं. फरशीवाल्यांना ते नाव एखाद्या पदवीसारखं वाटायचं.

पाल वर असली की खाली दोर धरून बारक्या. बारक्या म्हणजे फरशीवाल्यांच्या बायकोचा भाऊ. भावंडांत शेंडेफळ म्हणून नाव बारक्या पडलं, आणि मग नाव तिथेच राहिलं, बारक्या मात्र वाढत गेला. दोन माणसांच्या खुर्चीत तो एकटा बसायचा. त्याची बेकरी होती. "निम्मे पाव गिऱ्हाईक नेतं, निम्म्यांची हा स्वतः चव बघतो," असं त्याची ताई म्हणायची. बारक्या स्वतः कधी कडा चढला नाही. हौसेने एकदा गेला होता, पुरुषभर वर गेल्यावर त्याने दगडाला कपाळ टेकलं आणि म्हणाला, "भाऊजी, ओळख झाली, पुरे." तेव्हापासून तो फक्त दोर धरायचा. वीस वर्षं त्याने दुसऱ्या कुणाचा दोर धरला नाही, आणि फरशीवाल्यांनी दुसऱ्या कुणाला आपला धरू दिला नाही.

दोर धरणं हे दिसतं तितकं सोपं नसतं. चढणारा वर जाता जाता दगडात ठोकलेल्या कड्यांमध्ये दोर अडकवत जातो. पडलाच, तर शेवटच्या कडीच्या खाली लोंबकळतो. अशा वेळी खालच्याने दोर अडवायचा तर असतोच, पण दगडासारखं घट्ट उभं राहायचं नसतं. पडणाऱ्याच्या ओढीबरोबर अर्धी उडी मारून थोडं पुढे जायचं असतं. म्हणजे वरचा अलगद झुलतो. खालचा हट्टाने रोवून उभा राहिला, तर वरचा घंटेतल्या लोलकासारखा कड्यावर जाऊन आदळतो. खालचा वजनदार असेल तर विचारूच नका. हे बारक्याला चांगलं ठाऊक होतं. वीस वर्षांत फरशीवाले कितीदा तरी पडले होते आणि दर वेळी बारक्याने ती अर्धी उडी मारली होती. तो हत्ती उडी मारतो ते बघायला मंडळातले लोक थांबायचे.

त्या दिवशी मात्र गोष्ट वेगळी झाली. फरशीवाल्यांचा पाय एका ओल्या टेंगळावरून सटकला. ते नेहमीपेक्षा जरा वाकडे पडले, डोकं खाली होतंय की काय असं क्षणभर वाटलं. ताईचा नवरा पडतोय, एवढंच खाली उभ्या असलेल्या बारक्याला दिसलं. त्याने दोर छातीशी ओढला आणि सगळं वजन टाकून खाली बसकण मारली. मायेने मारली. फरशीवाले गर्रकन आत फिरले, उजवा पाय एका कंगोऱ्यावर आपटला, आणि गुडघ्यातून वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आला.

बारक्याने त्यांना पाठुंगळीला घेऊन पायवाट उतरवली. सगळ्या वाटेने तो रडत होता.

"भाऊजी, मी पाडलं तुम्हाला."

"अरे, पाय माझा सटकला."

"सटकला तो तुमचा. मोडला तो मी."

"गप चाल. आणि पोट आत घे, माझी मांडी घासतेय."

डॉक्टरांनी नडगी धरून पाय पुढे ओढून बघितला. कपाटाचा खण उघडावा तशी ती सहज पुढे आली. गुडघ्याच्या आतला, वरचं हाड खालच्याशी बांधून ठेवणारा बंध पार तुटला होता. मांडीच्या मागचा एक बंध काढून तिथे बसवावा लागेल, असं ठरलं. फरशीवाल्यांना ते लगेच कळलं. "म्हणजे माळ्यावरची फरशी उचलून दिवाणखान्यात बसवायची," ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "तसंच समजा. पण माल सुकायला नऊ-दहा महिने लागतात."

बायको पोहण्याच्या तलावावर तिकिटं देण्याचं काम करायची. ती तशीच गणवेशात धावत आली. नवऱ्याच्या पायाकडे बघितलं, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भावाला एवढंच म्हणाली, "तू होतास ना रे तिथे?"

ती काही टोचून बोलली नव्हती. घाबरली होती. नंतर तिने ते वाक्य मागे घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ते जिथे जायचं तिथे जाऊन बसलं होतं.

शस्त्रक्रिया झाली, आणि बारक्याची सेवा सुरू झाली. सकाळी बेकरीची भट्टी उतरली की तो हजर. फरशीवाल्यांनी पाणी म्हणायच्या आत पेला पुढे. उठायला गेले की काखेत हात. संडासाच्या दाराबाहेर तो खुर्ची टाकून बसायचा आणि मधून मधून विचारायचा, "भाऊजी, आहात ना?" फरशीवाले आतून ओरडायचे, "नाही! खिडकीतून पळून गेलो!"

व्यायाम करून घ्यायला एक तरुण फिजिओबाई होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की गुडघ्याला नवा बंध मिळालाय, पण त्याला अजून काही येत नाही. त्याला पुन्हा शिकवायचं आहे. मग एका पायावर उभं राहणं, मग मऊ उशीवर एका पायावर उभं राहणं. फरशीवाले लटपटायला लागले की बारक्याचे दोन्ही हात त्यांच्या भोवती, पिलाला झेलायला धरावेत तसे. शेवटी फिजिओबाई म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा हो."

"मी काय केलं?"

"तुम्ही धरायला आहात हे त्यांच्या गुडघ्याला कळतं. मग तो कशाला शिकेल?"

बारक्या बाहेर जाऊन बसला. दाराच्या काचेतून त्याचा अर्धा गाल आणि एक डोळा दिसत राहिला.

चार-पाच महिन्यांनी फरशीवाले कामावर जायला लागले. गुडघे टेकायला परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी भिंतीच्या टाइल्सची कामं घेतली. जन्मभर ज्या कामाला ते 'उभ्याउभ्याचं काम' म्हणून नाक मुरडत आले, तेच आता उंच स्टुलावर बसून करायचं. बारक्या तिथेही आला. खोकी उचलायची, माल कालवायचा, आणि घरात जे कुणी येईल त्याला सांगायचं. एका स्वयंपाकघरात ओट्यामागच्या टाइल्स बसत होत्या. घरच्या बाई चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "पायाला काय झालं हो यांच्या?"

"मी पाडलं," बारक्या म्हणाला.

बाईंनी कप ओट्यावर ठेवला. "म्हणजे?"

"कड्यावरून. दोर माझ्या हातात होता."

"काहीतरीच बोलतो," फरशीवाले स्टुलावरून म्हणाले. "माझाच पाय सटकला. याचा काही दोष नाही."

"अहो, असं होतं हो," बाई बारक्याला म्हणाल्या. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

हेच सगळीकडे. बारक्या सांगायचा, समोरचा समजूत घालायचा, आणि फरशीवाले "याचा काही दोष नाही" म्हणून वरून एक हात फिरवायचे. बारक्या मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी सांगायचा. ते ऐकून ऐकून फरशीवाल्यांचं डोकं उठायचं. एकदा ते बायकोला म्हणालेसुद्धा, "माणसाला माफ केलं तरी घेत नाही म्हणजे काय?"  बायकोने पाव तोडला आणि चहात बुडवला.

हळूहळू गुडघा शिकला. चढ चढला, उतार उतरला, दोरीवरच्या उड्या मारल्या. फिजिओबाईंनी आणि डॉक्टरांनी दोघांनीही एका आवाजात सांगितलं, आता दगडाला हात लावायला हरकत नाही. त्या रात्री फरशीवाल्यांनी माळ्यावरून बूट काढले, पुसले आणि बारक्याला फोन लावला.

"भाऊजी, आनंद वाटला," बारक्या म्हणाला. "पण दोर दुसऱ्या कुणाला द्या. मी माझा पट्टा आणि हातमोजे मंडळाला देऊन टाकलेत."

आणि दुसऱ्या दिवसापासून बारक्या घरी यायचा बंद झाला. निरोपाला उत्तर 'भट्टी आहे'. ताईने बोलावलं तर 'गिऱ्हाईक आहे'.

मंडळाच्या प्रमुख बाई म्हणजे कडक काम. केस पांढरे, आवाज लोखंडी. त्यांच्या मंडळाचा एक जुना रिवाज होता. दोरावर असताना ज्याला लागलं, त्याने परत येताना आधी सरावाच्या भिंतीवर चढायचं आणि सगळ्यांसमोर मुद्दाम हात सोडून पडून दाखवायचं. आणि दोर धरायला त्या दिवशीचाच माणूस हवा. त्याशिवाय कडा नाही.

"तो यायला तयार नाही," फरशीवाले त्यांना म्हणाले. "दुसरा कुणी दिला तर?"

"देता येईल. मग नव्याने नाव घाला. नवख्यांच्या वर्गात बसा, वर्षभर."

"बाई, पण गुडघा माझा होता."

"पडताना दोघं होतात ना?" बाईंनी दोराचं भेंडोळं खुंटीला अडकवलं. "मग परत येताना एकटे कसे?"

खरं म्हणजे फरशीवाल्यांनी नवख्यांच्या वर्गातही बसून पाहिलं असतं. अपमान गिळायला त्यांची ना नव्हती. पण एका संध्याकाळी ते मंडळात गेले, एका बँकेतल्या गृहस्थाने दोर धरला, आणि सरावाच्या भिंतीवर चार हात वर गेल्यावर त्यांनी सवयीने खाली बघितलं. खाली एक सडपातळ, व्यवस्थित, चष्मेवाला माणूस उभा होता. फरशीवाले खाली उतरले, त्यांचे आभार मानले आणि घरी आले. कड्यावाचून आपलं भागेल, हे त्यांना तेव्हा कळलं. बारक्यावाचून भागणार नव्हतं. आणि बारक्या कड्याबरोबरच हातातून चालला होता.

ते बेकरीत गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या खोलीत बारक्या लाकडी फळीवर पिठाचे गोळे मांडत होता. भट्टीच्या धगीने त्याचं तोंड लाल झालं होतं. त्याने वर न बघता स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. पायाला ताण नको."

फरशीवाले बसले नाहीत. नेहमीसारखं तोंडावर आलं होतं, की अरे, तुझा काही दोष नाही. वर्षभर दररोज म्हटलेलं वाक्य. घासून गुळगुळीत झालेलं. पण बारक्याच्या त्या वाकलेल्या पाठीकडे बघताना त्यांच्या मनात आलं, की हे वाक्य आपण एकदाही ठोकून बघितलं नाही. पोकळ आहे ते. आपल्यालाही ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे. आणि आपण वरून पॉलिश करत सुटलोय.

"बारक्या," ते म्हणाले, "तूच पाडलंस मला."

बारक्याचे हात थांबले.

"पाय सटकला तो माझा. तसा तो पन्नासदा सटकला असेल. गुडघा गेला तो तुझ्यामुळे. तू उडी मारायची ती बसलास. ही चूक एखाद्या नवख्याने केली असती तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. तू केलीस म्हणून मी वर्षभर खोटं बोललो."

बारक्या वळला. पिठाचे हात तसेच अधांतरी. फरशीवाल्यांना वाटलं, आता हा कोसळणार. पण बारक्याने एक भला मोठा श्वास सोडला; पाण्याखालून वर आलेला माणूस सोडतो तसा.

"तेच तर मी सगळ्यांना सांगतोय," तो म्हणाला. "कुणी ऐकूनच घेत नव्हतं."

"आता ऐकलं."

"राग आला होता तुम्हाला?"

"आला होता. रात्री पाय ठणकायचा आणि सकाळी तू पेला घेऊन उभा राहायचास, तेव्हा तो पेला तुझ्या डोक्यात घालावासा वाटायचा."

"घालायचा की!"

"तुझ्या ताईच्या माहेरचा सेट होता तो."

बारक्या हसला नाही, पण त्याच्या गालाची रेघ जरा हलली. मग तो पुन्हा गंभीर झाला. "भाऊजी, मला येत होतं हो. वीस वर्षं येत होतं. त्या दिवशी हात माझे राहिलेच नाहीत. परत तसंच झालं तर?"

"होईल कदाचित. म्हणून तर आधी भिंतीवर पडायचं. खाली गाद्या आहेत."

"आणि गुडघा?"

"गुडघा शिकून आलाय. तू शिकायचा राहिलायस."

 बारक्याने पिठाचा शेवटचा गोळा फळीवर ठेवला, त्याच्यावर ओलं फडकं टाकलं आणि हात धुवायला गेला.

रविवारी मंडळाच्या शेडमध्ये बाई होत्या, दहा-बारा मंडळी होती, आणि ताई होती. ताई एका गुंडाळलेल्या गादीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. बारक्याला त्याचेच हातमोजे परत मिळाले. बाईंनी ते कुणाला दिलेच नव्हते. त्याने फरशीवाल्यांची गाठ तपासली, फरशीवाल्यांनी त्याची कडी तपासली. 

फरशीवाले चढले. गुडघा वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला. काही कुरकुर नाही. वरच्या कडीच्या पुढे ते थोडे गेले, खाली बघितलं आणि "पडतोय!" म्हणून ओरडून हात सोडले.

बारक्या खांबासारखा उभा राहिला. दोर खाडकन ताठ झाला. फरशीवाले भिंतीवर आदळले. दोन्ही पाय आधीच पोटाशी घेतले होते म्हणून निभावलं, पण कोपर सोलवटलं. ताई अर्धी उठली आणि परत बसली.

"अरे रेड्या!" फरशीवाले वरून ओरडले. "उडी मार! उडी! खांबच हवा असता तर खांबालाच दोर बांधला असता!"

शेडमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. बारक्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"परत," बाई म्हणाल्या.

फरशीवाले परत वर गेले. त्याच जागी पोचले, आणि या वेळी त्यांची बोटं सुटेनात. पायाखाली हवा, हातात एक पिवळा खोटा दगड, आणि गुडघ्याच्या आत कुठेतरी तो फांदी मोडल्याचा आवाज. इतके दिवस त्यांना वाटत होतं की भीती बारक्याला बसली आहे, आपण फक्त तिला घालवायला आलोय. आता त्यांना कळलं, की आपला तर या माणसावर भरवसाच उरलेला नाही. बेकरीत तोंडाने सगळं खरं बोलून झालं होतं, एवढं सोडून.  

"भाऊजी," बारक्याचा आवाज आला. लहान मुलासारखा, पण सरळ. "मला तुमच्याइतकीच भीती वाटतेय. तुम्ही सोडा. मी तुमच्याबरोबर येतो."

फरशीवाल्यांनी खाली बघितलं. बारक्या गुडघ्यांत किंचित वाकून, चवड्यांवर उभा होता. एवढा मोठा देह, आणि सगळा उडण्याच्या तयारीत.

त्यांनी बोटं उघडली.

भिंत वर सरकली, आणि मग जे व्हायचं ते झालंच नाही. खाडकन नाही, आदळणं नाही. दोराने त्यांना हातावर घेतल्यासारखं घेतलं, जरा खाली नेलं आणि हवेत झुलतं ठेवलं. दोन्ही तळवे भिंतीला अलगद लागले. खाली बारक्या उडी मारून चांगला चार हात पुढे आला होता आणि पाय फाकून, दोर कंबरेशी धरून उभा होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईंनी फक्त मान हलवली आणि चष्मा पुसायला काढला.

मग एक विचित्र आवाज यायला लागला. फरशीवाल्यांनी वाकून पाहिलं. बारक्या रडत होता. हुंदके देऊन, खांदे हलवत, नाक ओढत. दोर दोन्ही हातांनी धरलेला असल्यामुळे त्याला डोळेही पुसता येत नव्हते. त्याच्या प्रत्येक हुंदक्याबरोबर वर फरशीवाले वीतभर वरखाली होत होते.

"बारक्या," ते वरून म्हणाले.

"काय, भाऊजी?"

"मला आधी खाली सोड. मग रड."

"थांबा ना जरा," बारक्या म्हणाला. "आत्ताच तर धरलंय."

फरशीवाले थांबले. पट्टा मांडीत रुतत होता, सोललेलं कोपर चुरचुरत होतं, खाली बायको गादीवरून उठून भावाच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली होती आणि आपल्या रुमालाने त्याचं तोंड पुसत होती. दोराला मात्र ती हात लावत नव्हती. घाई कुणालाच नव्हती. मग बारक्याने नाक ओढलं, हात सैल केला, आणि फरशीवाले हळूहळू खाली यायला लागले.